"आधी नमुना आणा" म्हणणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र दवाखान्यात येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण ते चारचौघांनी वाचावं असं मला वाटलं. आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात हल्ली कुत्री पुष्कळ झाली आहेत, आणि जंतांचं औषध म्हटलं की लोक सरळ दुकानात जाऊन "कुत्र्याचं जंतांचं द्या" म्हणतात. दुकानदार बाटली काढून देतो. कुत्रं किती किलोचं, किती महिन्यांचं, कसले जंत, कोणी कोणाला विचारत नाही. तुम्ही विचारलंत. हे आभार मुख्यतः त्या विचारण्याचे आहेत.

नातवाने भुऱ्याला गल्लीतल्या काळीच्या पिल्लांमधून उचलून आणलं, तेव्हा त्याचं पोट टम्म होतं आणि पाय नुसत्या काड्या. "खातंपितं पिल्लू आहे हो," असं शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या. मग त्याला जुलाब लागले, अंगावरची लव निस्तेज दिसू लागली, आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं लसूण ठेचून दुधातून द्या, कोणी म्हणालं वावडिंग. माझ्या सासूबाई असत्या तर "कोणी गूळ खाऊ घातला याला?" असं विचारून मोकळ्या झाल्या असत्या. आपल्याकडे जंतांचा आळ गुळावर येतो, तो काही केल्या उतरत नाही.

लसणाचं नाव काढताच तुम्ही हात वर केलात. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे जंत जायचे राहतात आणि पिल्लूच खंगतं. वावडिंगाला मात्र तुम्ही हसला नाहीत. "मुलांना देत असतील. याला किती द्यायचं ते मला ठाऊक नाही, आणि जे मोजता येत नाही ते मी देत नाही," एवढंच म्हणालात. मला ते फार पटलं.

मग तुम्ही भुऱ्याचा ओठ वर करून आम्हाला हिरडी दाखवलीत. गुलाबी हवी ती, याची पांढुरकी होती. रक्त कुठेतरी जातंय, म्हणालात, पण औषध लगेच लिहिलं नाहीत. आधी सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत घेऊन या, म्हणालात. जमिनीवरची माती त्यात येऊ देऊ नका, कारण मातीतले किडे वेगळे आणि पोटातले वेगळे. आणि डबी उन्हात ठेवू नका, कारण हुकवर्म नावाच्या जंताची अंडी उन्हाळ्यात दिवसभरातच फुटायला लागतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवणं अवघड. आमच्या सूनबाईंनी नाक दाबून का होईना, पण नेमकी तशीच डबी भरली.

पुढचा अर्धा तास नातू अजून सगळ्यांना सांगत असतो. तुम्ही थोडा नमुना मिठाच्या दाट पाण्यात घोटलात, गाळलात, छोट्या नळीत अगदी काठोकाठ भरलात आणि वर काचेचा चौकोनी तुकडा ठेवलात. दाट पाण्यात घाण खाली बसते आणि अंडी हलकी म्हणून वर तरंगून काचेला चिकटतात. मग ती काच भिंगाखाली. नातवाला तुम्ही स्टुलावर उभं केलंत. एक अंडं गोल, काळपट, जाड सालीचं, ते राउंडवर्मचं, म्हणजे गोल जंताचं. दुसरं लांबट, सालीला पातळ, आत पेशींचा छोटासा पुंजका, ते हुकवर्मचं. मलाही बघायला लावलंत. चष्मा काढू की ठेवू या गोंधळात मी जरा वेळ खाल्ला, पण दिसलं.

ही पिल्लं एवढ्या लवकर जंताळतात कशी, हे मला कोडंच होतं. तुम्ही सांगितलंत की राउंडवर्मच्या अळ्या कुत्रीच्या अंगात, मांसात निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत जाग्या होतात आणि नाळेतून पोटातल्या पिल्लांत उतरतात. हुकवर्म दुधातून येतो, शिवाय ओल्या मातीतून कातडीवाटेही शिरतो. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं, त्याने गूळ खाल्लेला असो वा नसो. म्हणून पहिलं औषध दोन आठवड्यांचं असतानाच द्यायचं. मग आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला आणि त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी. आम्ही तर "अजून लहान आहे, औषध सोसायचं नाही" म्हणणाऱ्यांतले.

औषध देण्यापूर्वी तुम्ही भुऱ्याला काट्यावर ठेवलंत आणि वजनाच्या हिशोबाने डोस काढलात. "उद्या जंत पडतील, कदाचित वळवळतही असतील, घाबरून फोन करू नका," असं बजावलंत. पडले. चांगले चार-पाच बोटं लांब, पांढुरके, गुंडाळी झालेले. सूनबाई दिवसभर जेवल्या नाहीत. पण खरा मुद्दा तुम्ही पुढे सांगितलात, की औषध आतड्यातल्या जंतांना लागू पडतं, अंगात फिरणाऱ्या अळ्यांना नाही. त्या काही दिवसांनी आतड्यात येऊन मोठ्या होतात, म्हणून दुसरा डोस. "जंत पडले, काम झालं" म्हणून दुसरा डोस चुकवणारी माणसं मला आता गल्लीत ओळखू येतात.

टेपवर्म या चपट्या जंताचं प्रकरण पावसाळ्यातलं. भुऱ्या तोवर अंगाने भरला होता. त्याच्या सतरंजीवर वाळक्या तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी सापडलं, शेपटीखालीही एक चिकटलेलं. आम्ही शहाण्यासारखी डबी भरून आणली आणि नमुन्यात काहीच निघालं नाही! तुम्ही म्हणालात, टेपवर्म आपले तुकडेच्या तुकडे बाहेर सोडतो, अंडी त्या तुकड्यात बंद असतात, त्यामुळे पाण्यावर तरंगून येतीलच असं नाही. इथे तुमच्या भिंगापेक्षा सूनबाईंची सतरंजी कामाला आली. मग तुम्ही बारीक दातांचा कंगवा त्याच्या पाठीवरून फिरवलात, निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर झटकलीत, आणि त्या काळ्या ठिपक्यांभोवती तांबूस डाग पसरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे भुऱ्याचंच पचलेलं रक्त. टेपवर्मची अळी पिसवेत वाढते, आणि कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं. त्यामुळे गोळी वेगळी, आधीच्या औषधाने हा जंत मरत नाही, आणि पिसवा घालवल्या नाहीत तर काही आठवड्यांत परत तेच. सतरंजी उकळत्या पाण्यातून काढली, सोफ्याखालची धूळसुद्धा काढली. बाजारची ती बाटली आम्ही कितीही पाजली असती तरी या गुंत्याचा उलगडा झाला नसता.

एक गोष्ट मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ती मी चार जणांकडून उलट ऐकली आहे. कुत्रं बूड घासत चालतं म्हणजे जंतच, असं नाही. तुम्हीच सांगितलंत, बहुतेकदा शेपटीखालच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात. आमच्या ओळखीतल्या एका लॅब्राडोरला या समजुतीपायी जंतांचं औषध पाजत बसले होते. मी त्यांना तुमच्याकडे पाठवलं आहे.

नातवाबद्दलही आभार. त्याला न घाबरवता तुम्ही सांगितलंत की राउंडवर्मची अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या शरीरात फिरतात, कधी डोळ्यातही जातात, म्हणून मातीत खेळून आल्यावर साबणाने हात. त्याला शाळेत जंतांची गोळी मिळते, ती भुऱ्याची नव्हे, स्वतःची, हेही त्याला आता नीट कळलंय. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, मातीत त्यांना काही आठवडे लागतात. म्हणून रोजच्या रोज उचललं तर निम्मी लढाई तिथेच. आमचं इंदूर 2017 पासून 2023 पर्यंत स्वच्छतेत पहिलं आलं म्हणून आम्ही पाहुण्यांपुढे छाती काढतो. आणि सकाळी हीच मंडळी कुत्र्याला पलीकडच्या गल्लीत नेऊन मोकळं करतात. तुम्ही भुऱ्याच्या पट्ट्याला पिशव्यांची गुंडाळी अडकवून दिलीत, ती आता रिकामी होत आली. तशी कुठे मिळते ते सांगाल का? इथली बाकीची मंडळीही विचारतात, आणि आम्हा इंदुरी "भिया" (भाऊ) लोकांना फुकटचा सल्ला आवडतो.

तुमची फी तुम्ही घेतलीत, पण काळीची घेतली नाहीत. गल्लीतली कुत्री, मालक नाही, तरी तुम्ही संध्याकाळी येऊन पोळीच्या तुकड्यात गोळी गुंडाळून तिला खाऊ घातलीत. पिल्लांची शी चाटून आईलाही जंत होतात, म्हणून दोघांचं औषध एकदमच, असं म्हणालात तेव्हा.

तर काळी परत व्यायली आहे, शिवमंदिराच्या मागे, पाच पिल्लं. पुढच्या सोमवारी दोन आठवड्यांची होतील. सूनबाईंनी वजनासाठी स्वयंपाकघरातला काटा बाजूला काढून ठेवला आहे, आणि तो परत स्वयंपाकघरात येणार नाही असंही ठणकावलं आहे. सकाळी आठच्या पुढे कधीही या, पोहे तयार असतील.

आपली,
भुऱ्याच्या घरची आजी
लोकमान्य नगर, इंदूर