काकांना घरी आणलंय

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, पण बाबांचा आवाज ऐकला की विषय बदलायचे. म्हणून लिहिते. बाबा, आधी बसा. बीपीची गोळी राहिली असेल तर ती घ्या, मग पुढचं वाचा.

काकांना मी माझ्याकडे आणलंय. मंगळवारीच. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालंय, पाय टेकवायचा नाही, आणि जवळ थांबायला कुणी नव्हतं. तुम्हाला विचारलं नाही, कारण नाही म्हणाला असतात तर मला तुमचा शब्द मोडवला नसता. तुमची खोली त्यांना दिलेली नाही. बाबांची खुर्ची खिडकीशीच आहे, आईची शाल वरच्या कप्प्यात. काका हॉलमध्ये झोपतात.

काकांपायी गेलेलं घर, ते कागद, ती सही, यातलं काही झालंच नाही असं मी म्हणत नाही. आई, तुझ्या बांगड्या मला अजून आठवतात. बायबलमधल्या योसेफानंही भावांना तोंडावर सांगितलं की तुम्ही माझं वाईटच योजलं होतं. देवानं त्यातून भलं केलं, हे त्यापुढचं. 17व्या वर्षी भावांकडून विकला गेला, 30व्या वर्षी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला. मधली सगळी वर्षं गुलामीत आणि कैदेत. कैदेत भेटलेल्या ज्या प्यालेबरदाराला, राजाला पेला भरून देणाऱ्या सेवकाला, 'माझी आठवण ठेव' म्हणाला, तोही दोन वर्षं विसरला. देव यातूनच वाट काढतोय, हे त्या कोठडीत त्याला कुठून दिसणार? पुढे थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, देवानं सगळे कष्ट विसरायला लावले म्हणून. तरी भाऊ समोर आले तेव्हा बाजूला जाऊन रडलाच. मला हा रडणारा योसेफ फार जवळचा वाटतो. परवा काकांचे पाय पुसले आणि मीही बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

घर सोडलं त्या सकाळी, बाबा, किल्ली द्यायच्या आधी तुम्ही मागच्या दाराच्या कडीला तेल घातलंत. "करकरते, त्यांना त्रास होईल." मी नऊ वर्षांची, तुमचा सदरा धरून उभी. तेलाचं बोट माझ्या नाकाला लावलंत, मी हसावं म्हणून. आणि आई, रात्रीच्या प्रार्थनेत तू एकेकाचं नाव घ्यायचीस नि काकांपाशी थांबायचीस. मी डोळे किलकिले करून बघायचे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

आता ऐका. यावरून दोघांनीही जागरण करायचं नाही. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा. आई, गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना नाही. बाबा, स्टुलावर चढणं बंद. साखरेचा आकडा खरा कळवायचा, कमी करून नाही.

रविवारी फोन करते. काका समोरच असतील. बोलावंसं वाटलं नाही तर नका बोलू, मी रागावणार नाही, खरंच. काल त्यांनी विचारलं, "दादा अजून रात्री खोकतो का गं?" त्यांना काय सांगू, तेवढं कळवा.

तुमची,
धाकटी