शार्कला खाऊ घालून चालणारे पर्यटन आपल्या किनाऱ्यावर नको: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी नेऊन तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा प्रकल्प आपल्या खात्याने हाती घेतला आहे. या प्रकल्पाला माझा विरोध नाही. बुडालेल्या जहाजावर आधी शिंपले आणि शेवाळ धरते, मग लहान मासे येतात आणि त्यांच्यामागोमाग मोठे शिकारी मासे येतात. त्यांत मुशी-मोरी, म्हणजे आपल्याकडचे शार्कही असू शकतील आणि त्या आल्या तर मला आनंदच होईल. माझी विनंती एकाच बाबीविषयी आहे: तिथे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक स्कूबा व स्नॉर्केलिंगच्या ठिकाणी माशांना, विशेषतः शार्कला, अन्न टाकण्यास परवान्यातच स्पष्ट मनाई असावी आणि ती पर्यटन सुरू होण्यापूर्वी लागू व्हावी.

ही भीती काल्पनिक नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, तरी त्या परिसरात पाव-बिस्किटे टाकून पर्यटकांभोवती मासे जमवणे आज कोणालाच वावगे वाटत नाही. पर्यटकाला छायाचित्र हवे असते आणि व्यावसायिकाला पर्यटक खूश हवा असतो. उद्या ‘शार्क नक्की दिसेल’ अशी जाहिरात करण्याची चढाओढ लागली, तर पावाच्या जागी मासळीची आतडी यायला कितीसा वेळ लागेल?

फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरील ओस्लोबचे उदाहरण आपण अवश्य अभ्यासावे. तिथल्या मच्छीमारांनी २०११ च्या सुमारास आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी होडीतून हाताने टाकून व्हेल शार्कना किनाऱ्याजवळ थोपवून धरायला सुरुवात केली आणि काही वर्षांतच तिथे दरवर्षी लाखो पर्यटक येऊ लागले. व्हेल शार्क पाणी गाळून खातो. माणसाला त्याचा धोका जवळपास नाही. इथे धोका आहे तो माशाला. दूरदूर भटकणाऱ्या या प्राण्यांपैकी काही त्या एका जागी महिनोन् महिने रेंगाळू लागले, होडी दिसली की खाणे मिळते हे शिकले आणि त्यांच्या अंगावर होड्यांच्या, पंख्यांच्या जखमांचे व्रण अभ्यासकांनी नोंदवले. शेजारच्या प्रवाळाची अवस्थाही खालावली. गावाला मात्र पैसा मिळाला, घरे उभी राहिली, मुले शिकू लागली. म्हणूनच सगळे माहीत असूनही ते थांबवणे तिथल्या शासनाला इतके अवघड झाले आहे. पोट त्यावर अवलंबून झाल्यावर नियम आणणे म्हणजे मच्छीमाराच्या ताटातला घास काढणे ठरते, आणि ती वेळ आपण आपल्या माणसांवर आणू नये.

दात असलेल्या शार्कच्या बाबतीत माणूसही सुरक्षित राहत नाही. शार्क मुद्दाम माणसाची शिकार करत नाही, हे खरे. पण पाण्यात रक्त आणि मांसाचा वास पसरलेला, पाच-दहा मासे एकाच घासासाठी झेपावत असलेले आणि त्यांच्या मध्ये माणसाचे हातपाय, अशा गर्दीत चुकीचा चावा बसायला क्षणही पुरतो. फ्लोरिडाने २००१ मध्ये पाणबुड्यांनी माशांना अन्न देण्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. त्यानंतरही तिथून बोटी बहामाला जात राहिल्या आणि २००८ मध्ये तिथे पिंजऱ्याविना, आमिष टाकून केलेल्या अशाच एका सफरीत एका ऑस्ट्रियन पर्यटकाचा मृत्यू झाला. इजिप्तमधील शर्म अल-शेखला डिसेंबर २०१० मध्ये काही दिवसांतच अनेक पर्यटकांवर हल्ले होऊन एक जर्मन महिला दगावली. तिथे जहाजांवरून टाकलेली जनावरांची कलेवरे, अतिमासेमारी आणि शार्कला अन्न टाकणे अशी अनेक संभाव्य कारणे सांगितली गेली. ते कोणत्याही एका कारणाने झाले असे मी म्हणणार नाही. त्यानंतर किनारे मात्र बंद करावे लागले.

फिजीत बेका खाडीजवळ गावांनी एका भित्तीवरची मासेमारी सोडली, त्या बदल्यात पाणबुड्यांकडून मिळणारे शुल्क गावांना जाते आणि तिथे बुल शार्कना अन्न कडक शिस्तीत दिले जाते, हा दाखला कोणी आपल्यापुढे ठेवील. तो विचार करण्याजोगा आहे. पण तशी शिस्त वर्षानुवर्षे पाळायला जे प्रशिक्षण आणि देखरेख लागते, ती पाव टाकण्यालाही आळा घालू न शकणाऱ्या आपल्या व्यवस्थेकडे आज नाही.

साहेब, व्हेल शार्क आपल्याही किनाऱ्यावर येतो. २००१ पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि जाळ्यात अडकलेल्या संरक्षित जलचरांना सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आपल्याच राज्याने २०१८ मध्ये आणली. ज्या किनाऱ्यावर कोळी बांधव स्वतःचे जाळे कापून हा मासा समुद्रात सोडतात, तिथेच त्याला होडीमागे फिरायला शिकवणारा धंदा उभा राहू देणे मला सर्वथा अनुचित वाटते.

तरी ‘गुलदार’साठी नियमावली तयार करताना वन विभागाचा कांदळवन कक्ष, मत्स्यव्यवसाय विभाग आणि स्थानिक मच्छीमार संस्था यांना बरोबर घ्यावे, अन्न किंवा आमिष टाकणाऱ्याचा परवाना निलंबित करण्याची तरतूद करावी, मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात या विषयाचा समावेश करावा, आणि प्राणी दिसण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना मनाई करावी. नियमावलीचा मसुदा मराठीत प्रसिद्ध करून त्यावर किनारपट्टीवरील गावांच्या हरकती व सूचना मागवाव्यात, ही विनंती.

आपला नम्र,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक नागरिक