अकरा पुस्तकं आणि एक पान

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून हसूच आलं. श्रीमंत व्हायची पुस्तकं वाचण्यात काही अर्थ आहे का, हे तू विचारतोयस, आणि तेही मला! माझ्या कपाटात अशी अकरा आहेत. त्यातलं शेवटचं मी क्रेडिट कार्डावर घेतलं आणि त्याच महिन्यात कार्डाची फक्त 'किमान रक्कम' भरून बाकीचं पुढे ढकललं. तू आहेस म्हणून सांगतोय.

परवा सगळी खाली काढून बसलो. पेन्सिलीने खुणा करायची माझी खोड तुला ठाऊकच आहे. पाहतो तर तीन वेगवेगळ्या पुस्तकांत एकच गोष्ट अधोरेखित केलेली: पैसे हातात आले की आधी शिल्लक बाजूला काढा, मग खर्चाला हात घाला. एका ठिकाणी समासात 'वा!' लिहिलंय. तिसऱ्यांदाही मला ते नवंच वाटलं होतं, म्हणजे बघ! अमेरिकन लेखक जॉर्ज क्लेसनने 1920च्या दशकात प्राचीन बॅबिलॉन शहरातल्या गोष्टींतून हेच सांगितलं, मिळकतीचा दहावा हिस्सा स्वतःसाठी ठेव म्हणून. त्या गोष्टी आधी पुस्तिकांच्या रूपात निघाल्या, आणि वाटल्या कुणी? बँकांनी आणि विमा कंपन्यांनी. सल्ला काही खोटा नाही. पण वाटणाऱ्याचं पोट कशावर चालतं, तेही बघावं.

मला खरं कामाला आलं ते एकच पान. 72 ला व्याजदराने भागलं की रक्कम किती काळात दुप्पट होईल याचा अंदाज येतो. नियम जुना, इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीच्या 1494च्या ग्रंथातही आहे. गुंतवणुकीची स्वप्नं रंगवायची सोडून मी कार्डाचं बिल समोर घेतलं. महिन्याला 3 टक्के. 72 भागिले 3, म्हणजे 24 महिन्यांत देणं दुप्पट! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पुढचे सात महिने एकही पुस्तक घेतलं नाही, आधी ते फेडलं. महागाईलाही हेच लावून बघ: वर्षाला 6 टक्के धरलीस तर 12 वर्षांत शिलकीची किंमत निम्मी.

बाकीची पानं? मनात आणा, मिळेल. नोकरी म्हणजे गुलामी. मग कर्ज काढून घरांवर घरं घेणाऱ्या कुणाची तरी यशोगाथा. तेच करून बुडालेल्याचं पुस्तक कोण छापणार? तो आपल्याला भेटतच नाही. शेवटच्या पानावर शिबिराची जाहिरात दिसली की लेखकाचा खरा धंदा कळतो. आणि ज्याचा पगार महिनाअखेरपर्यंतही पुरत नाही, त्याला लहानसहान चैन सोडायला सांगणाऱ्यांचा तर मला रागच येतो.

एक मात्र कबूल करतो. दरवेळी पुस्तक संपलं की दोन-तीन आठवडे मी खर्च इमानेइतबारे लिहायचो. नंतर वही कुठेतरी गडप व्हायची.

तू नवीन विकत घेऊ नकोस. सगळ्यात पातळ आहे ते पाठवतो, 72चं पान दुमडून ठेवलंय. 'वा!' दिसलं तर खोडून टाक.

तुझाच,
अकरा पुस्तकांचा धनी