आधी पाणी कुठून येते ते पाहा : माझ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

पोर्तुगालमधले माझे शिक्षणसत्र संपवून मी नागपूरला परतले, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण तिथे काय काय पाहिलेस असे विचारतो आहे आणि प्रत्येक उत्तरात आपला उल्लेख येतोच. घरी येऊन आभार मानले असते तर आपण लगेच विषय बदलला असता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले आहे, कारण वास्तुकला शिकणाऱ्या नागपुरातल्या इतर मुलामुलींपर्यंतही आपली शिकवण पोहोचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझी निवड झाली तेव्हा घरात आनंदापेक्षा काळजीच अधिक होती. आपण महाल भागातल्या आपल्या घरून आमच्याकडे आलात, बाबांसमोर खर्चाचा हिशेब कागदावर मांडलात आणि लिस्बनला राहणाऱ्या आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीशी आईचे फोनवर बोलणे करून दिलेत. त्या ताईंनी सुरुवातीचे दिवस मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. आईला शांत झोप लागली ती त्यामुळेच.

पण ज्या मदतीसाठी मी आयुष्यभर ऋणी राहीन ती वेगळी आहे. निघण्यापूर्वी गांधीसागर तलावाच्या काठाने चालताना आपण सांगितलेत की परक्या गावात गेल्यावर आधी तिथले पाणी कुठून येते, बाजार कुठे भरतो आणि धुणी कुठे धुतली जातात ते शोधावे, देवळे आणि राजवाडे त्यानंतर आपोआप समजू लागतात. हे मी शब्दशः पाळले.

लिस्बनमध्ये बेलेंचा मठ आणि वास्को द गामाची समाधी सगळेच पाहतात, तशी मीही पाहिली. मात्र पहिला पूर्ण दिवस मी अल्कांतारा दरीवरच्या जलवाहिनीखाली घालवला. दगडी कमानींची ती ओळ दरी ओलांडून जाते आणि तिची सर्वांत उंच कमान सुमारे ६५ मीटरची आहे. नदीमुखाशी वसलेल्या त्या शहरात गोड्या पाण्याची कायमची टंचाई होती, म्हणून १७३१ मध्ये राजा पाचव्या जुआंवने या कामाला मंजुरी दिली आणि १७४८ मध्ये पाणी शहरात पोहोचले. कामाचा पैसा मांस, मद्य आणि ऑलिव्हच्या तेलावरच्या करातून उभा राहिला, म्हणजे ही वास्तू राजाच्या नावाची असली तरी ती लिस्बनच्या सामान्य माणसाने आपल्या रोजच्या खाण्यापिण्यातून बांधली, असे मला ठामपणे वाटते. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी भूकंप झाला, त्यामागोमाग समुद्राच्या लाटा आल्या, आग लागली आणि शहराचा मोठा भाग नष्ट झाला, तरी या कमानी उभ्या राहिल्या. भूकंपानंतर बायशा भागात सरळ रस्ते आखून नवी घरे बांधली गेली, त्यांच्या भिंतींच्या आत लाकडी तिरप्या आधारांचा सांगाडा घातलेला आहे, जेणेकरून जमीन हादरली तर भिंत लवचीकपणे तग धरेल. आमच्या अभ्यासक्रमात या पद्धतीचा उल्लेख एका ओळीत येतो. तो सांगाडा प्रत्यक्ष पाहिल्यावर मला त्या ओळीमागची माणसे दिसली, आणि ही दृष्टी आपली आहे.

एव्होरा हे रोमन मंदिराचे आणि माणसांच्या हाडांनी भिंती मढवलेल्या चॅपेलचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या जलवाहिनीतून १५३७ मध्ये पाणी आले, आणि गावात शिरताना ती जिथे हळूहळू ठेंगणी होत जाते तिथे लोकांनी कमानींच्या पोकळीतच घरे आणि दुकाने बांधली आहेत. वारसा म्हणजे दोरी लावून दूर ठेवलेली वस्तू नव्हे, हे मला त्या गल्लीत पटले.

किनाऱ्यावरच्या गावांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण समुद्रापासून इतक्या दूर वाढलेल्या माझ्यासारखीला तिथे सगळेच नवे होते. नाझारेच्या वाळूत लाकडी चौकटींवर जाळ्या ताणून मासे वाळत घालतात. मासा चिरून, साफ करून, मिठाच्या पाण्यातून काढून पुस्तकासारखा उघडतात आणि ओळीने मांडतात. अनेक थरांचा आखूड घागरा आणि लोकरीचे मोजे घातलेल्या एक आजी अधूनमधून उठून मासे पालथे करीत होत्या आणि शेपटीकडचा भाग बोटाने दाबून सुकला की नाही ते पाहत होत्या. मी शेजारी बसले, तेव्हा त्यांनी एक मासा माझ्या हातात देऊन तसाच दाबायला लावला. माझी पोर्तुगीज चार वाक्यांत संपत होती, तरी आमचे छान जमले.

त्या गावासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. तिच्यामुळे लाटेचा जोर किनाऱ्याजवळ येईपर्यंत टिकतो आणि हिवाळ्यात तिथे अवाढव्य लाटा उसळतात. त्या पाहायला दीपगृहापाशी जगभरातून लोक जमतात, पण अशाच समुद्रावर ज्यांचे पोट होते त्यांचे काय, हा प्रश्न मला आपल्यामुळे पडला. १९८० च्या दशकात बंदर होईपर्यंत लाटांतून परतलेली होडी ओढून वाळूवर चढवावी लागे आणि त्या कामाला पूर्वी बैल जुंपत. जुन्या छायाचित्रात गुडघाभर फेसात उभी असलेली बैलजोडी पाहून, शेतातले आणि पोळ्याचे बैल पाहत वाढलेल्या मला भरून आले.

धुण्याचे ठिकाण पोर्तोजवळ सापडले. दोरू नदीच्या पलीकडच्या काठावर अफुरादा नावाची कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या सार्वजनिक हौदावर बायका आजही कपडे धुतात आणि नदीकाठच्या दोऱ्यांवर वाळत घालतात. पोर्तोचा दोन मजली लोखंडी पूल मी अर्ध्या तासात पाहिला. त्या हौदापाशी दुपार कशी गेली ते कळले नाही.

आपल्या सांगण्यावरून ठेवलेल्या वहीत ही सगळी ठिकाणे मोजमापांसह रेखाटली आहेत. आता याच पद्धतीने महालातल्या जुन्या विहिरींची मोजणी करून त्यांचे आराखडे काढायचे ठरवले आहे, आणि वर्गातल्या दोन मैत्रिणी सोबत येणार आहेत. तिथली जुनी घरे आणि माणसे आपल्या ओळखीची आहेत, म्हणून पहिल्या दिवशी आपण आमच्यासोबत यावे अशी नम्र विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी वही घेऊन मी आपल्याकडे येते. सोयीचा दिवस तेव्हाच ठरवू.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी