मुखदुर्गंधी : दोष पोटाचा नव्हे, मिश्रीचा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तोंडाला वास येऊ लागला की आपल्याकडे 'पोट साफ नाही' म्हणून चूर्ण घेतले जाते; प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा वास तोंडातच तयार होतो. जिभेच्या मागच्या भागावरील थरात आणि दातांच्या फटींतील अन्नकणांवर वाढणारे जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात. भरतातल्या लसणाचा वास रक्तावाटे फुप्फुसांत उतरतो, म्हणून तो चूळ भरून जात नाही, पण यथावकाश ओसरतो. त्याची काळजी नको.

काळजी मिश्रीची आहे. माझी आई कापूस वेचायला निघण्यापूर्वी तव्यावर काळी भाजलेली तंबाखू बोटाने हिरड्यांना चोळीत असे. पुढे हिरड्या सुटल्या, दात हलू लागले आणि वासाच्या संकोचाने ती बोलताना पदर तोंडाशी धरू लागली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; घरच्या मिश्रीबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

झोपण्यापूर्वी ब्रश करणे, रोज जीभ घासणे आणि खान्देशच्या उन्हाळ्यात पुरेसे पाणी पिऊन तोंड ओले ठेवणे घरी जमते. हिरड्यांतून रक्त येत असल्यास मात्र दंतवैद्यालाच दाखवावे. आशाताईंनी गृहभेटीत मिश्रीची चौकशी आवर्जून करावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, अमळनेर