येळवशीला ये

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर म्हणालास, "अण्णा, मी कशासाठी जगतोय तेच कळंना." आणि मी काय विचारलं, तर मेसचं जेवण बरं आहे का! आईनं नंतर मला चांगलंच झापलं. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

स्पर्धा परीक्षेची पूर्व तीनदा निघाली, मुख्यला अडकलास. पोस्ट नाही तर आपण कोणीच नाही, असं तुझ्या डोक्यात बसलंय. त्यात क्लासमधले ते भाषण करणारे, "ध्येय ठरवा, मग चाला." मला तर उलटंच झालेलं आठवतं.

१९९३ साली मी वीस वर्षांचा होतो, लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. प्राध्यापक व्हायचं ठरवलं होतं. गणपतीला गावी आलो. २९ सप्टेंबरला विसर्जन झालं, दमून झोपलो आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. आपल्याकडं भिंती तडकल्या, तेवढ्यावर निभावलं. दिवस उजाडल्यावर ट्रॅक्टरमधून किल्लारीकडं गेलो. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपलेली माणसं. दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं त्या पहाटे, किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून.

दगड उचलायला माझ्यापेक्षा तगडी पोरं होती. एका साहेबानं विचारलं, "अक्षर बरं आहे का?" आणि हातात वही दिली. गेलेल्यांची नावं लिहायची. नाव, वय, कोणाच्या घरातलं.

दुसऱ्या दिवशी पावसात एक माणूस आला. सहा नावं सांगितली, वयासकट. मग म्हणाला, "वाच बघू, कुणी राहिलं तर नाही ना." मी वाचलं. त्यानं बोटांवर मोजलं, "बरोबर हाय" म्हणाला आणि गेला. बत्तीस वर्षं झाली, त्याचा चेहरा आठवत नाही. बोटं आठवतात.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांचे अर्ज लिहिले. कुणाचा दाखला ढिगाऱ्यात गेलेला, कुणाचं नाव यादीत चुकलेलं. महिनाभर म्हणून गेलो ते दीड वर्ष तिथंच राहिलो. बी.ए. पुढं बाहेरून केलं, प्राध्यापकी राहिली ती राहिलीच. तिची खंत अजूनही कधीमधी वर येते, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. आणि माझं आयुष्य घडावं म्हणून काही भूकंप आला नव्हता. असं कुणी बोललं की मला राग येतो.

पण गावाला कळलं होतं की ह्याला अर्ज लिहिता येतो. तेव्हापासून ओसरीवर कुणी ना कुणी असतंच. निराधारचा पगार, फेरफार, पीक विमा. तू लहानपणी चिडायचास, "अण्णा, आपल्याला जेवू पण देत नाहीत ही माणसं!" पैसे मी कधी घेतले नाहीत. चहाचा खर्च मात्र झाला, त्यावर आईचं एक वेगळं पत्र होईल.

मी कशासाठी जगतो, हे मला नीट सांगता येणार नाही. पण सकाळी दारात कुणीतरी कागद घेऊन उभं असतं, मग तो प्रश्न दुपारपर्यंत तरी पडत नाही. आणि दुपारी रानात जावंच लागतं.

परीक्षा सोड असं मी म्हणत नाही, दे असंही म्हणत नाही. वय तुझं आहे. पोस्ट मिळाली तर ती वही ज्यानं माझ्या हातात दिली, त्याच्यासारखा साहेब हो. नाही मिळाली तर घरात तुझ्याकडं कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही. पाहुण्यांचं मी बघून घेतो.

येळवशीच्या अमावस्येला ये. रानात पूजेची कडब्याची कोप यंदा तूच घाल, माझी कंबर धरलीय. आई भज्जी, आंबील, उंडे सगळं करणार आहे. आणि दोन दिवस जास्तीचे काढ. रब्बीची ई-पीक पाहणी सुरू आहे, मोबाइलवरून पिकाची नोंद करायचं ते मला जमत नाही. शेतात उभं राहून फोटो काढला तरी ते पुढं सरकत नाही. वेशीजवळच्या म्हातारीचा हरभरा अजून चढलेला नाही. दोनदा येऊन गेली, "पोरगं कधी येणार हाय?" म्हणून. मी तिला येळवशीचं सांगितलंय.

तुझा,
अण्णा