वर्कशॉपचा दिवा वॅट बघून नव्हे, छत बघून घ्या

संपादक महोदय,

सेलू भागात मोटार रिवायंडिंग (जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं) करणारे आम्ही बहुतेक जण घरालगत पत्र्याचं शेड मारून काम करतो. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळायला लागल्या की रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. अलीकडे या शेडांत 100 वॅटचा गोल हायबे दिवा मधोमध टांगायची टूम निघाली आहे. दुकानदार सांगतो, "एकच लावा, सगळं लख्ख." लख्ख होतं खरं, पण काम दिसत नाही.

हायबे हा मोंढ्यातल्या गोदामाचा, जिनिंगचा दिवा. वीसेक फूट उंच छतासाठी केलेला. आपलं शेड मधे दहा फूट, कडेला आठ. टेबल तीन फुटांचं, म्हणजे दिवा कामापासून जेमतेम सात फुटांवर. एकाच ठिकाणाहून एवढा उजेड अंगावर आला की डोळे दिपतात, आणि वाकलं की आपल्याच डोक्याची सावली नेमकी स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, स्लॉटमध्ये (तार बसवायच्या खाचेत) पडते. कॉइल बसवताना स्लॉटचा कागद फाटला का, तारेवरचा एनॅमलचा थर खरवडला का, हे तिथंच तर बघायचं असतं! ते सुटलं की वार्निश मारून दिलेली मोटार पुन्हा जळून दारात येते आणि गिऱ्हाईक बोलतं ते आम्हाला.

दहा-बारा फुटांपर्यंतच्या छताला चार फुटी एलईडी ट्यूबच बरी. 20 वॅटची चांगली ट्यूब साधारण 2000 ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देते. दहा बाय पंधराच्या शेडात अशा चार लावल्या, तर भिंतींत आणि धुळीत जाईल ते जाऊन टेबलावर 300 लक्सच्या (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड उरतो. बारीक कामाला 500 ते 750 लक्स लागतात. ती तूट टेबलावरच्या वाकत्या मानेच्या दिव्यानं भरून काढावी, छतावर वॅट चढवून नव्हे. ट्यूबची एक ओळ टेबलाच्या कडेच्या बरोबर वर घ्यावी, पाठीमागे नको. माळवदाखाली काम करणाऱ्यांचं छत तर आणखी खाली, आणि तिथलं काळं लाकूड उजेड गिळतं. निदान भिंतींना तरी चुना मारावा.

पत्र्याला चिकटवून ट्यूब लावू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढं जातो, पत्रा तर हात लावू देत नाही. त्या तापानं एलईडी जायच्या आधी आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, जातो. वीतभर खाली साखळीला टांगली की निभतं.

हलक्या दर्जाच्या दिव्यांचा आणखी एक धोका आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची. ड्रायव्हर स्वस्तातला असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना तो स्थिरच वाटतो. पण मिनिटाला 1500 च्या आसपास फेरे घेणारा चार पात्यांचा फॅन त्याखाली लावून बघा. सेकंदाला 100 पाती एकाच जागेवरून जातात, त्यामुळं फिरता फॅन थबकल्यासारखा किंवा हळूच उलटा सरकल्यासारखा दिसतो. लेथच्या चार जॉच्या चकचंही (काम धरून फिरणारी चार जबड्यांची पकड) तसंच. चक थांबलाय असं समजून कुणी हात घातला तर बोटं जायची. दुकानातच मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा दिव्यासमोर धरावा. चित्र लुकलुकलं किंवा पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा मशीनजवळ नको.

खोक्यावर वॅटचा आकडा तळहाताएवढा आणि ल्युमेन मुंगीएवढ्या अक्षरात, असा सगळा कारभार. बीमचा कोन, म्हणजे उजेड किती पसरतो ते, तर शोधूनही सापडत नाही. तालुक्याच्या दुकानदारांना माझं एकच सांगणं आहे: हायबे दाखवायचाच असेल तर गल्ल्यामागच्या उंच भिंतीवर नको. दहा फुटांवर टांगा, खाली टेबल ठेवा आणि गिऱ्हाइकाला त्यावर सुईत दोरा ओवायला सांगा.

आपला,
एक मोटार रिवायंडर,
सेलू, जि. परभणी